नवं फर्निचर फुटकं आलं, आणि दुकान म्हणतं "तुमची सही आहे"

तक्रार जवळजवळ नेहमी एकाच चालीची असते. खोकी शुक्रवारी येतात, बसवणारा सुतार रविवारी येतो, खोकं त्याच्यासमोर उघडतं आणि आतली फळी फुटलेली निघते. फोन केला की पलीकडून ठरलेलं उत्तर येतं: "मॅडम, डिलिव्हरीच्या वेळी माल ओके होता, चलनावर तुमची सही आहे." चलन म्हणजे माल पोचवताना सही घेतात तो कागद. फळी फुटली आहे हे कोणीच नाकारत नाही. भांडण असतं ती कधी फुटली यावर. टेम्पोत, की तुमच्या घरात? एवढं एकदा लक्षात आलं की सगळी मेहनत कुठे लावायची ते कळतं.

आमचं घर ठाणे पूर्वेला, कोपरीत. २०२३च्या जुलैत घोडबंदर रोडवरच्या एका शोरूममधून आम्ही तीन दारांचं कपाट घेतलं, ३८,५०० रुपयांना. ते धड उभं राहायला एक्केचाळीस दिवस लागले. त्यानंतर नेरुळच्या माझ्या मामेबहिणीचा सोफा आणि आमच्या मजल्यावरच्या वहिनींचं डायनिंग टेबल, अशा आणखी दोन भानगडींत मी पत्रं लिहून दिली. तिन्ही वेळा विकणारे वेगळे होते, पण त्यांची वाक्यं अगदी सारखी. म्हणून त्या वाक्यांच्याच क्रमाने लिहिते.

"ताई, सही करा पटकन, अजून कळव्याला दोन डिलिव्हऱ्या आहेत"

रात्रीचे आठ वाजलेले, पाऊस चालू, टेम्पो गेटमध्ये आडवा, मागच्या रिक्षावाल्याचा हॉर्न आणि वॉचमनची शिट्टी. पाच खोकी जिन्याने चौथ्या मजल्यावर आली, कारण सात फुटांची फळी आमच्या लिफ्टमध्ये मावत नाही. मुलं घामाने आणि पावसाने भिजलेली. अशा वेळी "थांबा रे, मी उघडून बघते" म्हणायला जीभ रेटत नाही. मी सही केली. बारीक अक्षरात छापलेलं "माल सुस्थितीत मिळाला" वाचलंच नाही.

त्या मुलांशी भांडू नका. त्यांच्या हातात काही नसतं आणि त्यांची घाई खरी असते. पण सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहायला अर्धा मिनिट पुरतो: "५ खोकी बंद स्थितीत मिळाली. आतला माल तपासलेला नाही." खोकं बाहेरूनच चेपलेलं, ओलं किंवा फाटलेलं असेल तर तेही लिहा, कितव्या नंबरचं खोकं आणि कुठला कोपरा यासकट. मग चलनाचा फोटो काढा. चलन मोबाईलवर असेल आणि नुसता ओटीपी मागत असतील, तर ओटीपी देण्याआधी सगळ्या खोक्यांचा चारही बाजूंनी व्हिडिओ घ्या आणि तीच ओळ शोरूमच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. वेळेचा शिक्का त्यावर आपोआप बसतो.

सही करून बसलात तरी सगळं संपलं असं मुळीच नाही, आणि हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मालविक्रीचा कायदा १९३०चा आहे. त्याच्या कलम ४१ प्रमाणे, आधी न तपासलेला माल घरी आला तर तो तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत ग्राहकाने तो स्वीकारला असं धरलं जात नाही. बंद खोक्यावर रात्री आठला केलेली सही म्हणजे तपासणी नव्हे. हा मुद्दा पत्रात कलमासकट लिहिला की समोरच्याची भाषा बदलते, मी पाहिलंय.

"आता उघडलंच आहे, तर बसवून टाकू"

माझ्या मते सगळं प्रकरण इथे ठरतं.

रविवारी सुतार आला. तिसरं खोकं आडवं केलं तर खालचा पुठ्ठा हाताला मऊ लागला, दमट. आतून कपाटाची डावी बाजू निघाली. अठरा मिलिमीटरची फळी खालच्या कोपऱ्यात फुगून पावासारखी झाली होती, लॅमिनेटची कड उघडली होती आणि बोट लावलं की भुसा गळत होता. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि गोंद दाबून केलेली फळी. वरून लॅमिनेट असलं तरी कापलेल्या कडेतून पाणी आत शिरतं, चुरा फुगतो आणि सुकल्यावरही पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही. आपल्याकडचा बराच माल भिवंडीच्या गोदामांतून टेम्पोने येतो. जुलैतला रस्ता, खड्डे, वर नीट न बांधलेली ताडपत्री, एवढं पुरतं. सुताराने बाजू उभी करून कॅमलॉकचं, म्हणजे फळ्या एकमेकींना जोडणाऱ्या खटक्याचं, भोक दाखवलं. तेही फाटलेलं. म्हणाला, "ताई, बसवून देतो, पण महिन्याभरात दार लटकणार."

इथे बहुतेक घरांत एकच होतं. सुतार परत कधी येईल याचा भरवसा नसतो, कपडे पलंगावर ढीग होऊन पडलेले असतात, म्हणून "बसवा आत्ता, तक्रार नंतर करू" असं ठरतं. तसं करू नका. बसवताना स्क्रू पिळले, भोकं पाडली की दुकान म्हणू शकतं फळी तेव्हाच फुटली. शिवाय त्याच कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे मालकासारखा वापर सुरू केला, किंवा नकार न कळवता वाजवी मुदतीपलीकडे माल ठेवून घेतला, तर माल स्वीकारला असं धरलं जातं. आणि एकदा स्वीकारलात की माल परत करण्याची बाजू लंगडी पडते, भरपाईपुरतंच बोलता येतं. कपाटात एक साडीसुद्धा ठेवू नका.

त्याऐवजी सुताराकडून त्याच्या जॉबशीटवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहून घ्या. हा कागद कोणी मागत नाही, पण त्याच्याइतकं वजन दुसऱ्या कशाला नाही, कारण तो दुकानानेच पाठवलेल्या माणसाच्या हातचा असतो. आमच्या सुताराने लिहिलं: "डावी बाजू खालून पाणी लागून फुगली. पॅकिंग ओलं. बसवता येत नाही." तीन छोटी वाक्यं, तारीख, सही. पुढे शोरूमचा मॅनेजर सहीचा मुद्दा काढायचा तेव्हा मी याच कागदाचा फोटो पाठवायचे. सुतार लिहायला तयार नसेल तर त्याच्यासमोर व्हिडिओ काढा आणि त्याला नुसतं विचारा, "दादा, हे बसेल का?" त्याचं उत्तर रेकॉर्ड होऊ द्या.

फोटो कसे काढायचे तेही सांगते. नुसता फुटलेल्या कोपऱ्याचा जवळून काढलेला फोटो निरुपयोगी ठरतो, कारण तो कुठल्या फळीचा हे कळत नाही. आधी लांबून, मग जवळून, कोपऱ्याशी मेजरिंग टेप धरून. खोक्यावरच्या लेबलचा, बॅच नंबरचा आणि बाण छापलेल्या बाजूचा वेगळा फोटो. पुठ्ठा आणि थर्माकोल प्रकरण मिटेपर्यंत घरातच ठेवा. मी दोन खोकी सोमवारी भंगारवाल्याला दिली आणि नेमकं पुढच्या आठवड्यात दुकानाच्या माणसाने पॅकिंग बघायला मागितलं. ओलं खोकं सुदैवाने बाल्कनीत राहिलं होतं.

"तक्रार ४८ तासांत करायची होती"

कुठे २४ तास म्हणतात, कुठे ४८, कुठे सात दिवस. बिलाच्या मागे छापलेलं असतं. ही मुदत पाळता आली तर पाळाच, उगाच हत्यार कशाला द्यायचं? डिलिव्हरी एका दिवशी आणि सुतार तीन दिवसांनी असं दुकानानेच ठरवलं असेल, तर डिलिव्हरीच्याच रात्री दोन ओळींचा ईमेल टाका: सुतार अमुक तारखेला येणार आहे, तोवर खोकी उघडता येत नाहीत, तपासणी तेव्हाच होईल.

मुदत हुकली असेल तर घाबरू नका. सदोष माल विकल्यावर तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. माल परत घेऊन पैसे द्यायची मुदत बिलावर लिहिलेली असेल तर ती, लिहिलेली नसेल तर ३० दिवस. आणि ग्राहक आयोगाकडे तक्रार करायची मुदत कलम ६९ प्रमाणे दोन वर्षं आहे. बिलामागच्या ओळीने ती कमी होत नाही.

"टचअप करून देतो, कळणारही नाही"

यावर सरसकट "नाही" म्हणू नये असं माझं मत आहे. टेबलाच्या पायाला आतून ओरखडा असेल, पॉलिश उडालं असेल, तर मेणाचा फिलर आणि टचअप खरंच चांगलं होतं आणि तुमचा महिना वाचतो. पण फुगलेली फळी, फाटलेलं भोक, तडा गेलेली काच, सोफ्याच्या आतली मोडलेली चौकट, हे टचअपने जात नाही, फक्त झाकलं जातं. मामेबहिणीच्या सोफ्याला खालून एक पट्टी ठोकून दिली होती. पंधरा दिवसांत बसलं की पुन्हा कर्रकर्र. ज्या भागावर वजन पडतं किंवा ज्यात स्क्रू धरतो, तिथे दुरुस्ती घेऊ नका.

आमच्या कपाटाची पुढची गोष्ट ज्यांना वारंवार तोच त्रास होतोय त्यांच्यासाठी. सोळा दिवसांनी नवी बाजू आली. शाबूत होती, पण दुसऱ्या लॉटची. आमचं कपाट अक्रोडी रंगाचं आणि ही बाजू चार छटा लालसर. सुताराने दोन्ही फळ्या खिडकीपाशी शेजारी शेजारी धरल्या, तेव्हा त्यालाही बोलावं लागलं नाही. ती परत केली. तिसरी आली तीच कोपरा तुटून.

तोवर मी प्रत्येक वेळी कस्टमर केअरला फोन करत होते आणि ते प्रत्येक वेळी नवा तक्रार नंबर देत होते. त्यामुळे त्यांच्या नोंदीत तीन वेगवेगळ्या, "सोडवलेल्या" तक्रारी दिसत होत्या. पुन्हा तोच दोष आला तर नवी तक्रार नोंदवू देऊ नका. जुन्याच ईमेलला उत्तर द्या म्हणजे साखळी एकच राहते, आणि प्रत्येक फोननंतर "आत्ता फोनवर असं असं ठरलं" एवढी ओळ त्याच साखळीत टाका. दुसरी बदली फळीही खराब आल्यावर मी सुटी फळी मागणं थांबवलं आणि पूर्ण कपाट बदलून द्या किंवा पूर्ण पैसे परत करा अशी मागणी केली. हे पहिल्या बदलीनंतरच करायला हवं होतं.

यात एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दुरुस्ती, बदली की परतावा, यातलं हवं ते ग्राहकाने निवडावं आणि दुकानाने निमूट ऐकावं असं कायद्यात लिहिलेलं नाही. मागणी तुम्ही करता, आणि प्रकरण आयोगापर्यंत गेलं तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३९ खाली दोष काढून देणं, माल बदलून देणं, पैसे परत आणि वर नुकसानभरपाई, यातलं काय द्यायचं ते आयोग ठरवतो. दुरुस्तीची संधी देऊन ती फसली हे कागदावर असेल तर परताव्याची मागणी भक्कम होते.

"माल तुम्ही गोडाऊनला आणून द्या"

द्यायची गरज नाही. मालविक्री कायद्याचं कलम ४३: नाकारलेला माल विक्रेत्यापर्यंत पोचवण्याची जबाबदारी ग्राहकावर नसते, नाकारतोय हे कळवलं की पुरे. तोवर माल पावसापासून वाचवून ठेवा आणि घेऊन जायला येतील तेव्हा लेखी पावतीशिवाय फळी हलू देऊ नका.

"विकलेला माल परत घेत नाही" आणि "क्रेडिट नोट घ्या"

पहिलं वाक्य बिलावर छापलेलं असलं तरी सदोष मालाला लागू होत नाही, वर सांगितलेलं कलम २(४७) आहेच. रंग आवडला नाही, मापात चूक झाली, घरच्यांना पसंत पडलं नाही, अशा वेळी मात्र दुकानाचा नियम चालतो. ही दोन प्रकरणं एकत्र करू नका, तक्रारीत "शिवाय रंगही नंतर आवडला नाही" असं तर चुकूनही लिहू नका.

क्रेडिट नोट म्हणजे पैशांऐवजी त्याच दुकानात तेवढ्याची खरेदी करायची चिठ्ठी. ती घेतली की मिटलं असा अर्थ निघतो. पैसे हवे असतील तर लेखी नाकारा. हप्त्यांवर घेतलं असेल तर रागाने हप्ता थांबवू नका. कर्ज बँकेचं असतं, भांडण दुकानाशी, आणि सिबिलचा आकडा तुमचा बिघडतो. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे चार्जबॅकसाठी, म्हणजे कार्डावरचे पैसे परत फिरवण्यासाठी, लगेच लिहा, त्याची मुदत वेगळी आणि छोटी असते.

पक्कं बिलच दिलं नसेल तर तीही कलम २(४७) खाली अनुचित प्रथा. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचं कोटेशन, ॲडव्हान्सची चिठ्ठी, सगळं पुरावा म्हणून जोडा. सुताराला घरी बोलावून करून घेतलेल्या फर्निचरलाही हा कायदा लागू आहे.

"आम्ही फक्त ॲप चालवतो, विक्रेता वेगळा आहे"

मामेबहिणीला हेच ऐकवलं. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ॲपला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं. खरेदीनंतर तुम्ही लेखी मागितलंत तर विक्रेत्याचं नाव-पत्ता द्यावाच लागतो. आणि सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रार अधिकाऱ्याचं नाव ॲपच्या तळाशी कुठेतरी असतं, चॅटमधल्या यंत्राशी बोलत बसू नका. तिने पत्र पाठवताना ॲप आणि विक्रेता दोघांनाही पाठवलं.

पत्र असं लिहा

लांबलचक कहाणी नको. मी जे पाठवलं त्याचा मजकूर साधारण असा होता, तुमच्या तपशिलांसह वापरा:

"बिल क्र. ... दि. ... प्रमाणे मी तुमच्याकडून तीन दारांचे कपाट रु. ३८,५०० देऊन घेतले. दि. ... रोजी खोकी बंद स्थितीत मिळाली. दि. ... रोजी तुमच्याच सुताराने खोकी उघडली असता डावी बाजू पाणी लागून फुगलेली आढळली. त्याचा लेखी शेरा सोबत जोडला आहे. तुम्ही दि. ... रोजी पाठवलेली फळी वेगळ्या छटेची व दि. ... रोजी पाठवलेली फळी तुटलेली होती. मी हा माल नाकारत आहे. तो वापरलेला नाही व माझ्या घरी सुरक्षित आहे. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत पूर्ण कपाट बदलून द्यावे अथवा पूर्ण रक्कम परत करून माल स्वखर्चाने न्यावा. अन्यथा मी ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन."

ईमेल केलाच, शिवाय बिलावरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवलं आणि पोच जपून ठेवली. वकिलाच्या लेटरहेडची गरज नाही.

त्याच दिवशी १९१५ वर फोन केला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. तिथे निकाल लागत नाही, ते तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि उत्तर मागतात. मोठ्या कंपन्या याला बऱ्यापैकी दबतात, गल्लीतलं दुकान दबेलच असं नाही. आमच्या बाबतीत पत्र आणि हेल्पलाइन मिळून काम झालं आणि बाराव्या दिवशी शोरूमने पूर्ण कपाट बदलून दिलं. भरपाई मी मागितली नाही, दमले होते.

तरीही काही झालं नाही तर

जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. मालाची दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच, आणि ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. २०१९च्या कायद्याने सगळ्यात मोठी सोय ही केली की तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी-धंदा करता तिथे तक्रार करता येते. कंपनीचं मुख्य ऑफिस बंगळुरूला असलं म्हणून काही बिघडत नाही.

आपल्याकडे गोंधळ होतो तो नवी मुंबईत. ऐरोली, वाशी, नेरुळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात येतात, आणि ठाण्याचा अतिरिक्त आयोग बेलापूरच्या कोकण भवनात आहे. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल मात्र रायगड जिल्ह्यात, म्हणजे आयोग अलिबागला. खारघरच्या माणसाची नोकरी वाशीत असेल तर तो ठाण्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं आणि अलिबागच्या नुसत्या नावानेच ते गप्प बसतात. तक्रार १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येते, आणि सुनावणी व्हिडिओवर व्हावी असा अर्जही करता येतो.

तक्रारीसोबत बिल, चलन, जॉबशीट, फोटो, ईमेलची साखळी, पत्राची पोच आणि प्रतिज्ञापत्र. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट जोडत असाल तर त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडा, उगाच आक्षेप नको. वकील सक्तीचा नाही. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५ मिळतात. दिसणाऱ्या तुटफुटीला प्रयोगशाळेची तपासणी सहसा लागत नाही. "प्लाय म्हणून पार्टिकल बोर्ड दिला" असं म्हणणं असेल तर लागू शकते. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने लिहिलेत, प्रत्यक्षात तारखा पडतात आणि जास्त वेळ जातो, तयारी ठेवा. निकाल लागूनही दुकानाने पाळला नाही तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५,००० ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तो अर्ज वेगळा करावा लागतो, आपोआप काही होत नाही.

वहिनींचं बदली टेबल येत्या शनिवारी येतंय. काच वेगळ्या खोक्यात आहे. ती वर चढवण्याआधी खाली स्टिल्टमध्येच, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, उघडायची असं आम्ही वॉचमनकाकांना सांगून ठेवलंय, त्यांनी एका गाडीची जागा अर्धा तास मोकळी ठेवायचं कबूल केलंय.